डॉक्टरांच्या दोन भेटींमधले दिवस : भावनिक विकार असलेल्या मुलांसाठी घर, शाळा आणि शेजार

मुलाला भावनिक विकार आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा ‘हे बरे कधी होणार?’ हा. तिसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास भेटणार, तर मधल्या दिवसांत घरी, शाळेत आणि गल्लीत नेमके काय करायचे? मुलांच्या चिंतेवर आणि उदासीनतेवर जे उपचार लागू पडतात त्यांचा मोठा भाग याच मधल्या दिवसांत घडतो, म्हणून पुढील विवेचन त्याच दिवसांपुरते ठेवले आहे. या वाटेला नुकतेच लागलेले आईवडील, आजीआजोबा, वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शेजारी यांच्यासाठी ते आहे.

विकार कशाला म्हणायचे

अंधाराची भीती, पहिल्या दिवशी शाळेत रडणे, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणे हा वाढण्याचाच भाग आहे. वयाच्या मानाने भीती किंवा दुःख फार तीव्र झाले, आठवडेच्या आठवडे टिकले आणि त्यापायी मुलाचे खाणे, झोपणे, शिकणे, खेळणे किंवा मैत्री अडू लागली, म्हणजे तपासणीची वेळ आली असे समजावे. आईपासून दूर राहण्याची अतिचिंता, एखाद्या वस्तूची किंवा प्रसंगाची पराकोटीची भीती, चारचौघांत बोलण्याची भीती, घरी भरपूर बोलणाऱ्या मुलाने शाळेत वर्षभर तोंड न उघडणे, तेच तेच विचार आणि कृती, आणि उदासीनता हे या गटातले नेहमी दिसणारे प्रकार आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी तीन मुले. आपल्याच घरावर हे संकट कोसळले असे वाटणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मुलांमध्ये हे विकार मोठ्यांसारखे दिसत नाहीत. उदास झालेला मोठा माणूस गप्प बसतो. उदास झालेले बारा वर्षांचे मूल पुष्कळदा चिडचिडे होते, उलट उत्तरे देते, धाकट्या भावंडावर हात टाकते, आणि घरी त्याला ‘आगाऊ’ ठरवले जाते. चिंता पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ किंवा वारंवार लघवीला जाणे अशा रूपांत येते. याउलट, कोणालाही त्रास न देणारे, मागच्या बाकावर बसणारे, सांगितलेले सगळे निमूट करणारे मूल कोणाच्याच लक्षात येत नाही. शिक्षकांनी दंगा करणाऱ्या मुलाइतकेच या मुलाकडेही बघावे, कारण त्याच्यासाठी तक्रार घेऊन कोणीही येणार नाही.

आधी दोन आठवडे नोंद

तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एका साध्या वहीत नोंद ठेवावी. काय घडले, त्याआधी काय चालले होते, त्यानंतर घरच्यांनी काय केले आणि मग मुलाचे काय झाले, एवढेच लिहावे. ‘हट्टी आहे’, ‘नाटक करते’ असे शेरे त्यात नकोत. चौथीतल्या एका मुलीची अशी नोंद कशी दिसेल ते पाहू :

सोमवार. ६.४० ला उठवले. दप्तर भरताना पोटात दुखते म्हणाली. ७.१० ला ओकारी आल्यासारखे झाले, पडले काही नाही. रडू लागली. आजी म्हणाली, आज राहू दे. साडेसातनंतर दुखणे थांबले. अकराला पोहे खाल्ले, बाहुल्या घेऊन बसली. रात्री झोपताना ‘उद्या शाळा आहे का?’ असे चारदा विचारले.

अशा दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होते. रविवारी पोट दुखत नाही. ‘आज राहू दे’ हे शब्द कानी पडल्यावर दुखणे ओसरते. आणि रात्रीचा प्रश्न सकाळच्या त्रासाची आधीच वर्दी देतो. यावरून मुलगी खोटे बोलते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, पोटात पिळा पडतो, आणि ते दुखणे खरेच असते. त्याचे कारण पोटात नसते इतकेच. ही वही तज्ज्ञाला तासाभराच्या चौकशीपेक्षा जास्त सांगते, आणि तीन महिन्यांनी घरच्यांना धीर देण्याच्याही कामी येते, कारण हळूहळू होणारी सुधारणा रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

तपासणी कोठे करावी

सुरुवात बालरोगतज्ज्ञापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, फिट्सचा सौम्य प्रकार, कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही मूल सुस्त, चिडके किंवा घाबरट वाटू शकते. तसेच शाळेची भीती वाटणाऱ्या मुलामागे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता दडलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. जे मूल रोज चारचौघांत वाचताना अडखळते त्याला शाळा नकोशी वाटणारच. म्हणून अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाची ही चाचणीही करून घ्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते व गरज असेल त्या मुलाला पुढे पाठवते. जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत मुलांसाठी वेगळा दिवस असतो का, हे केसपेपर काढतानाच विचारावे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, आणि तेथे दाखवायला नेणे म्हणजे दाखल करणे नव्हे. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. ज्यांना लगेच कोठे जाता येत नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. ही सोय देशभर असल्यामुळे इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या मराठी कुटुंबांनाही तिचा उपयोग आहे.

कोणाचे काम काय, हेही माहीत असावे. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि वर्तनोपचार, खेळातून उपचार किंवा विचार-वर्तन उपचार करतात. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैलपणे वापरला जातो. आठ दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले लोकही तो वापरतात, त्यामुळे शिक्षण आणि अनुभव विचारण्यात संकोच करू नये. लहान मुलाच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने पाहावी. उपचार करणाऱ्या व्यक्तीला मुलाची घरची बोली कळली पाहिजे. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या सात वर्षांच्या मुलाने आपली भीती इंग्रजीत सांगावी ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

घरातल्या सगळ्यांचे एकमत

आईने ठरवायचे, बाबांनी मोडायचे आणि आजीने पदराआड घ्यायचे, हे ज्या घरात चालते त्या घरात कोणताही उपचार टिकत नाही. म्हणून निदान झाल्यावर मूल झोपल्यानंतर घरातल्या सर्व मोठ्यांनी एकत्र बसावे आणि दोन-तीनच गोष्टी ठरवाव्यात : सकाळी मुलाला कोण उठवणार, पोट दुखते म्हटल्यावर कोण आणि काय बोलणार, आणि कोणत्या गोष्टीवर कोणीही माघार घेणार नाही. आजीला बाजूला सारून ही घडी बसत नाही. नातीचे रडे तिला बघवत नाही यात तिचा दोष नाही. तिला काही ठोस काम द्यावे लागते. शाळेतून आल्यावर नातीला जवळ घेऊन दिवसभरात काय काय जमले हे ऐकण्याचे काम आजीइतके चांगले कोणीच करू शकत नाही.

बोलण्याची पद्धत बदलणे हे त्यापुढचे काम, आणि ते बोलण्याइतके सोपे नाही. ‘घाबरायचं काय त्यात?’ हे वाक्य मुलाला धीर देत नाही. आपली भीती कोणाला कळतच नाही एवढेच त्याला त्यातून कळते. ‘बरं, नको जाऊस’ हे वाक्य त्याच्या उलट टोकाचे, आणि ते भीतीलाच खरे ठरवते. मधली वाट अशी : ‘तुला भीती वाटतेय, पोटात गोळा आलाय, हे मला दिसतंय. आणि तरीही तू फाटकापर्यंत जाऊ शकतेस, हे मला माहीत आहे.’ भीती मान्य करणे आणि मुलावर विश्वास दाखवणे ही दोन्ही वाक्ये एकत्र यावी लागतात. एकटे कोणतेही पुरत नाही.

चिंतातुर मूल एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते. ‘तू मला न्यायला येशील ना?’ याचे उत्तर पहिल्यांदा प्रेमाने, पूर्ण द्यावे. पाचव्यांदा दिलेले उत्तर मात्र धीर देत नाही, कारण तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पुढच्या वेळी मुलाला सहा उत्तरे लागतात. ‘याचं उत्तर तुला माहीत आहे, सांग बरं मला’ असे म्हणून प्रश्न मुलाकडे परत द्यावा आणि विषय बदलावा. पहिले काही दिवस मूल जास्तच मागे लागेल. नियम बदलला की जुने वर्तन आधी वाढते आणि मग उतरते, हे सगळ्या घराला आधीच माहीत असले म्हणजे तिसऱ्या दिवशी कोणी हात टेकत नाही.

भावंडांचाही विचार येथेच करावा. ‘बघ, दादा कसा शहाण्यासारखा जातो’ ही तुलना दोघांचेही नुकसान करते, आणि सगळे घर आजारी मुलाभोवती फिरू लागले की शहाणा दादाही कोठेतरी कोपऱ्यात पडतो.

दिवसाची घडी

यात फार नवे काही नाही, पण याशिवाय बाकीचे उभे राहत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, आणि तो मोठ्यांचाही बंद. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार सरकू देऊ नये. रोज तासभर घाम येईल असा खेळ. घरात वयाला झेपेल असे एक नेमून दिलेले काम मुलाकडे असावे, मग ते पाणी भरण्याचे असो, शेळीला चारा घालण्याचे असो की ताटे घेण्याचे. आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीव उदास मुलाला फार लागते.

उदासीनतेच्या बाबतीत ‘बरे वाटले की करीन’ हा क्रम उलटा करावा लागतो. आधी कृती, मग बरे वाटणे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींपैकी दहा मिनिटांत होईल अशी एक गोष्ट रोज ठरवावी, ती करण्यापूर्वी आणि केल्यावर मनाला कसे वाटते याला मुलाने दहापैकी गुण द्यावेत, आणि तिनाचे चार झाले तरी ते वहीत लिहावेत. मुलाला उचलून थेट सहलीला नेणे, पाहुण्यांत बसवणे किंवा ‘जरा हस की’ म्हणणे यांनी उदास मूल अधिकच आत जाते.

भीतीकडे पायऱ्यांनी जाणे

ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की लगेच सुटल्यासारखे वाटते, आणि या सुटकेमुळेच पुढच्या वेळी ती टाळण्याची ओढ वाढते. शाळा चुकवलेला प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाला अवघड करून ठेवतो. म्हणून ‘महिनाभर घरी राहू दे, मग बघू’ हा सल्ला कितीही दयाळू वाटला तरी चिंतेच्या विकारात सहसा घातक ठरतो. पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा तास चालेल, पण शाळेशी नाते तुटू देऊ नये.

एक अट मात्र सगळ्यात आधी. शाळेत किंवा रिक्षा-व्हॅनमध्ये मुलाला कोणी मारते का, चिडवते का, नको तेथे हात लावते का, याची शांतपणे, एकांतात, एकदाच नव्हे तर दोन-तीनदा चौकशी करावी. खऱ्या धोक्याची भीती हा विकार नव्हे, आणि तेथे मुलाला पुढे ढकलणे हा अन्याय आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावरूनही मदत मिळते.

तसे काही नसेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने पायऱ्या आखाव्यात. वर उल्लेख केलेल्या मुलीसाठी त्या साधारण अशा असतील. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी शाळा सुटल्यावर गणवेश घालून बाबांबरोबर फाटकापर्यंत जाणे आणि रिकाम्या मैदानावर दोन फेऱ्या मारणे. मग सकाळी, मुले आत जात असताना, फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे. त्यानंतर मुख्याध्यापिकांच्या खोलीत किंवा ग्रंथालयात अर्धा तास चित्र काढत बसणे. मग आवडत्या विषयाचा एक तास वर्गात. मग मोठ्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर मुलीला विचारावे, ‘आत्ता भीती दहापैकी किती?’ आठवरून ती चारवर येईपर्यंत तेथेच थांबावे, तीच पायरी तीन-चार दिवस करावी आणि मग पुढे जावे. भीती शून्यावर येण्याची वाट पाहू नये. शून्य भीती कोणालाच नसते.

दोन ठिकाणी हा बेत हमखास फसतो. रडणे अगदी टिपेला पोहोचले असताना मुलाला घरी नेले, तर रडल्याने सुटका होते एवढेच ते शिकते. म्हणून रडे थोडे ओसरेपर्यंत तेथेच, अगदी फाटकाच्या बाहेरच्या कट्ट्यावर का होईना, थांबावे आणि मग निघावे. दुसरे म्हणजे पालकांची घाई. दोन पायऱ्या जमल्या की तिसऱ्या दिवशी थेट पूर्ण दिवस, हा मोह होतो. पायरी अडली तर मुलाला बोल न लावता तिचे दोन तुकडे करावेत. बक्षीस द्यायचे ते धाडसाला द्यावे, निकालाला नव्हे, आणि ते महागडे असण्याची गरज नाही. संध्याकाळी बाबांबरोबर सायकलची एक चक्कर पुष्कळ होते.

संतापाचा झटका आला तर

वस्तू फेकणे, दारावर डोके आपटणे, किंचाळणे सुरू झाले की त्या क्षणी समजावणे निरुपयोगी असते, कारण मूल ऐकण्याच्या स्थितीतच नसते. आवाज खाली, शब्द कमी, धारदार आणि फुटणाऱ्या वस्तू दूर, बघ्यांना बाहेर. एकाच मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर, मुलाच्या उंचीला बसून राहावे. मारू नये, मारामुळे झटका थांबला असे दिसले तरी मुलाने त्यातून एवढेच घेतलेले असते की ज्याचा जोर जास्त त्याचे चालते. बोलणे नंतर, पाणी पिऊन, तासाभराने. आणि जे मागण्यासाठी तांडव झाले ते त्याच दिवशी देऊन टाकू नये.

शाळेशी बोलणी

वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांना एकत्र भेटावे. एकट्याला सांगितलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. निदानाची फाइल पूर्ण उघडून दाखवण्याची सक्ती नाही. मुलाला काय अवघड जाते, काय केल्याने मदत होते आणि काय केल्याने त्रास वाढतो, हे एका पानावर लिहून द्यावे. मागण्या नेमक्या असाव्यात. ‘लक्ष द्या’ या मागणीला ‘हो’ म्हणणे सोपे आणि विसरणे त्याहून सोपे. त्याऐवजी असे मागावे : सकाळी फाटकापाशी अमुक बाई पाच मिनिटे भेटतील; फार घाबरल्यास हिरवे कार्ड दाखवून मूल दहा मिनिटे ग्रंथालयात जाऊन परत येईल; वर्गासमोर उभे करून उत्तर विचारले जाणार नाही, टेबलापाशी विचारले जाईल; उशिरा आल्याबद्दल बाहेर उभे केले जाणार नाही.

कायदा येथे पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. त्यासाठी दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबू नये, कारण प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत महिनोन्‌महिने जातात. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रामार्फत शाळांत येतात, आणि तक्रारीची गोष्ट असेल तर शाळा व्यवस्थापन समिती व सखी सावित्री समिती यांच्यापुढे ती लेखी मांडता येते. तरीही माझे मत असे की पहिल्या भेटीत कलमांची भाषा काढू नये. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, वर सरकारी माहितीचे तक्ते भरण्याचे काम, या रेट्यात असलेल्या शिक्षकाला सोपी, ठरावीक आणि दोन मिनिटांत होणारी गोष्ट सांगितली तर बहुतेक जण ती करतात.

शेजार, नातेवाईक आणि गाव

लोकांना किती सांगायचे हे आधी ठरवावे आणि मूल मोठे असेल तर त्याला विचारून ठरवावे. जवळच्या दोन-तीन घरांना खरे सांगणे सोयीचे असते, बाकीच्यांना ‘सध्या तब्येतीमुळे सकाळी त्रास होतो, डॉक्टरांचे चालू आहे’ एवढे पुरते. लग्नकार्यात चार बायकांत बसून मुलाच्या डोक्यावरून त्याच्याच आजाराची चर्चा करणे मात्र टाळावे. मूल खेळताना दिसले तरी ते ऐकत असते.

शेजाऱ्यांकडून सहानुभूतीपेक्षा एखादे ठरलेले काम मागावे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी रोज सकाळी खाली उतरताना ‘चल, फाटकापर्यंत बरोबर जाऊ’ म्हणावे. समोरच्या घरातल्या मुलीने खेळायला हाक मारावी आणि दोनदा नाही म्हटले तरी तिसऱ्यांदा मारावी. वाचनालय, लेझीम पथक, गणपती मंडळाची सजावट, भजनात टाळ धरणे अशा ठिकाणी मुलाला मोठ्याने न बोलताही करता येईल असे काम द्यावे. चारचौघांत बोलायला घाबरणारे मूल मखराला कागदी फुले चिकटवत तीन तास माणसांत बसू शकते, आणि तोही भीतीकडे जाणाऱ्या पायऱ्यांपैकी एक भाग आहे.

गावात आशा आणि अंगणवाडी सेविका यांना घरोघरी प्रवेश असतो, म्हणून बदल प्रथम त्यांच्याच लक्षात येऊ शकतो. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि आईवडील उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. एवढ्या लांबच्या ताटातुटीत सगळीच मुले आजारी पडतात असे नाही, पण रात्री अंथरूण ओले होऊ लागणे, जेवण तुटणे, गुमसुम बसणे दिसले तर ‘आईची आठवण येते, होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. फडावरच्या आईवडिलांशी रोज ठरलेल्या वेळी फोन, तोही घरच्याच मोबाइलवरून आणि मुलाच्या हातात देऊन, हा साधा उपाय पहिल्याच आठवड्यापासून सुरू करावा. फोन चुकणार असेल तर तसे आदल्या दिवशी सांगावे. ठरलेला फोन न येणे हे मुलाला मुळीच फोन नसण्यापेक्षा जड जाते.

देवऋषी, भगत, उतारा यांचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण बहुतेक कुटुंबे तेथे आधी जाऊन आलेली असतात. त्यांना हिणवले तर ती डॉक्टरकडेही येत नाहीत. ज्यांना देवाला नारळ ठेवून धीर येतो त्यांनी तो ठेवावा. उपचार थांबू नयेत एवढीच अट. भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, चटके देणे, साखळीने बांधणे, धूर देणे हा मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तेथे शेजाऱ्याने ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून गप्प बसू नये.

औषध दिले असेल तर

सौम्य आणि मध्यम त्रासात मुलांसाठी बहुधा आधी बोलण्याचे आणि वर्तनाचे उपचार करतात. त्रास जास्त असेल तर त्यांच्या जोडीला औषध येते. नेहमी दिल्या जाणाऱ्या उदासीनताविरोधी औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तर मळमळ, अस्वस्थता, झोपेत फरक हे त्रास पहिल्याच आठवड्यात दिसू शकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात विशेष लक्ष ठेवावे आणि असा बदल दिसताच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नये. ते हळूहळू कमी करावे लागते. गोळ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे घरी आरोग्य विमा असेल तर बिले जपून ठेवावीत. क्वचित अल्पवयीन मुलाला दाखल करावे लागलेच, तर त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि पालक किंवा सोबती पूर्ण वेळ बरोबर असणे हे त्याच कायद्यात आहे.

ताबडतोब मदत लागेल अशी वेळ

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अंगावर कापल्याच्या खुणा, फार अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता यांना धमकी किंवा नाटक समजू नये. सरळ विचारावे : ‘तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट एकट्याने वाहायचे ओझे कोणाशी तरी बोलता येते. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, रागावू नये, शपथा घालू नयेत. शेतकरी घरात फवारणीचे औषध, गोठ्यातले कीटकनाशक आणि घरातल्या सर्व गोळ्या त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवाव्यात. १४४१६ ला फोन करावा, आणि प्रत्यक्ष कृती झाली असेल तर ११२ किंवा १०८ ला बोलावून थेट रुग्णालय गाठावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि तिच्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवणे जिवावर बेतू शकते.

पुन्हा घसरण झाली तर

आजारपण, घर बदलणे, घरातला मृत्यू आणि मोठी सुट्टी यांनंतर जुना त्रास डोके वर काढतो. तो शून्यापासून सुरू झाला असे समजू नये. आधी चढलेल्या पायऱ्या दुसऱ्यांदा लवकर चढता येतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा यासाठी राखून ठेवावा : उठण्याची वेळ शाळेच्या वेळेवर आणणे, गणवेश घालून फाटकापर्यंत दोन चकरा, वर्गातल्या एका मैत्रिणीला घरी बोलावणे. जूनमध्ये वर्ग बदलतो आणि वर्गशिक्षकही, आणि गेल्या वर्षीच्या बाईंनी समजून घेतलेले सगळे नव्या सरांना ठाऊक नसते. तेव्हा शाळा उघडण्यापूर्वी शिक्षक कामावर हजर होतात त्या दोन-तीन दिवसांतच नव्या वर्गशिक्षकांना भेटावे, ते एक पान त्यांच्या हाती द्यावे आणि हिरवे कार्ड या वर्षीही चालेल ना, हे विचारून घ्यावे.